घरची परसबाग : झाडांच्या तक्रारी, त्यांची कारणे व उपाय

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी थोडीफार झाडे असतात. कोणाच्या अंगणात गोडनिंब, लिंबू व शेवगा असतो, तर कोणाच्या गच्चीवर जुन्या डब्यांत व बादल्यांत मिरची, पुदिना व जास्वंद असते. मात्र लावलेली सर्वच झाडे जगत नाहीत. "पाणी तर रोज घालतो, तरी झाड का वाळते?", "फुले येतात, पण फळ का धरत नाही?", "पाने पांढरी का पडली?" हे प्रश्न घरोघरी ऐकू येतात. मग कोणी शेजारी सांगतो म्हणून खत टाकतो, तर कोणी शेतातील फवारणीचे उरलेले औषध आणून झाडावर मारतो. प्रस्तुत लेखात अशा नेहमीच्या तक्रारींची कारणे आपल्या बुलढाणा जिल्ह्याची माती, पाणी व हवामान लक्षात घेऊन पाहावयाची आहेत. झाडाच्या बऱ्याच दुखण्यांचे मूळ माती व पाणी यांत असते. किडींच्या बाबतीत पक्षी व मित्रकीटक हे आपले मोठे मदतनीस होत. म्हणून आधी नीट निरीक्षण, नंतर साधे उपाय आणि औषध अगदी शेवटी, हा क्रम घरच्या बागेत पाळला पाहिजे.

१. आपला जिल्हा : घाटावर आणि घाटाखाली

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग आपण सहज बोलून जातो. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा व देऊळगावराजा हा घाटावरचा भाग, तर मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद व संग्रामपूर हा घाटाखालचा भाग होय. घाटावर अनेक ठिकाणी जमीन हलकी व मुरमाड आहे. तेथे पाणी लवकर निचरते आणि लवकर आटतेही. घाटाखाली पूर्णा नदीच्या खोऱ्यात खोल काळी माती आहे. ही माती पावसात फुगते, चिकट होते व पाणी धरून ठेवते, तर उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यामुळे घाटावरच्या नातेवाइकाने सांगितलेला उपाय घाटाखाली लागू पडेलच असे नाही.

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा हा तर वेगळाच प्रश्न आहे. अकोला व अमरावती जिल्ह्यांबरोबर आपल्या जिल्ह्यातील जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा या तालुक्यांतील अनेक गावे या पट्ट्यात येतात. येथील विहिरींच्या व बोअरच्या पाण्यात क्षार अधिक असतात. असे पाणी कुंडीत घातले की पाणी उडून जाते आणि क्षार मातीतच राहतात. दर खेपेला ते साचत जातात. शेवटी मातीत ओल असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही. पानांच्या कडा व टोके करपतात आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसू लागतो. हे पाहून घरातील माणसे आणखी तेच पाणी घालतात व त्रास वाढतो.

यावर उपाय पुढीलप्रमाणे आहेत. पावसाचे पाणी साठवावे. हिशेब अगदी सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. दहा चौरस मीटर पत्र्यावर २० मि.मी. पाऊस झाल्यास २०० लिटरचा एक ड्रम जवळजवळ भरतो. पहिल्या पावसाचे धूळमिश्रित पाणी सोडून द्यावे व ड्रम झाकून ठेवावा. दुसरे असे की, भर पावसाळ्यात कुंड्या छपराखाली न ठेवता उघड्यावर ठेवाव्यात. पावसाचे गोडे पाणी वरून पडून खालच्या छिद्रातून वाहून गेले म्हणजे साचलेले क्षार धुऊन निघतात. जमिनीतील झाडांसाठी माती परीक्षण करून, सल्ल्याप्रमाणे जिप्सम टाकल्यास घट्ट झालेली माती मोकळी होण्यास मदत होते. माती परीक्षणासाठी व सल्ल्यासाठी बुलढाणा व जळगाव जामोद येथील कृषी विज्ञान केंद्रांकडे विचारणा करता येते.

झाडांची निवडही महत्त्वाची आहे. गुलाब, लिंबू, घेवडा यांना खारे पाणी सोसत नाही. कडुनिंब, करंज, बोर, आवळा ही झाडे त्यामानाने तग धरतात. भाज्यांमध्ये पालक व बीट यांची सहनशक्ती चांगली आहे. जेथे पाणी खारे आहे तेथे गुलाबासाठी वर्षभर झुरण्यापेक्षा दाराशी एक आवळा लावणे शहाणपणाचे ठरेल.

२. पान काय सांगते?

झाड बोलत नाही, परंतु पानातून सांगते. पिवळे पान दिसताच खत टाकण्याची घाई करू नये. कोणते पान पिवळे पडले आहे ते आधी पाहावे.

(अ) खालची, जुनी पाने प्रथम पिवळी पडली आणि वाढ खुंटली, तर बहुधा नत्र कमी पडले आहे. झाड जुन्या पानांतील नत्र काढून नव्या पानांना पुरवते, म्हणून जुनी पाने आधी पिवळी होतात. चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत द्यावे.

(आ) शेंड्याची नवी पाने पिवळी, पण शिरा हिरव्या, असे दिसले तर लोह कमी पडत आहे. यालाच शेतकरी केवडा म्हणतात. आपल्या चुनखडीयुक्त जमिनीत लोह असते, पण ते मुळांना मिळत नाही. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस व अर्ध्या लिंबाचा रस घालून सायंकाळी पानांवर फवारावे.

(इ) पाने मलूल होऊन लोंबतात, पण माती मात्र ओलीच आहे, तर मुळे कुजत आहेत असे समजावे. मुळांनाही हवा लागते. चिकट काळ्या मातीत पाणी साचले की हवा कोंडते. अशा वेळी पाणी बंद करून निचरा सुधारावा.

(ई) दुपारी पाने मलूल व सकाळी पुन्हा टवटवीत, असे असल्यास तो केवळ उन्हाचा परिणाम होय. त्यावर उपचाराची गरज नाही, सावली पुरे.

(उ) पाने वरच्या बाजूला वळून आक्रसली असतील तर पान उलटे करून पाहावे. मिरचीवर फुलकिडे बहुधा पानाच्या मागेच सापडतात.

चुलीची राख झाडाला घालण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. राखेत पालाश असते हे खरे, परंतु राखेमुळे मातीचा विम्लपणा वाढतो. आपली माती मुळातच त्या बाजूची असल्याने राख चिमूटभरच वापरावी.

३. पाणी किती आणि कसे द्यावे?

"रोज एक तांब्या" हा नियम सर्व झाडांना लावणे चुकीचे आहे. बोट दोन पेरांपर्यंत मातीत खुपसावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. कोरडे लागल्यास खालच्या छिद्रातून निथळेपर्यंत द्यावे. वरवर शिंपडलेल्या पाण्याने मुळे वरच राहतात व मे महिन्याच्या उन्हात तीच आधी भाजतात.

कुंडीत नुसती काळी माती भरू नये. एक भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत व एक भाग जाड वाळू असे मिश्रण करावे. डबा, बादली, टोपले काहीही चालेल, पण तळाला छिद्रे हवीतच.

उन्हाळ्यात जिल्ह्यातील अनेक गावांत नळाला रोज पाणी येत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी दूर जावे लागते तेथे झाडांसाठी पाणी कोठून आणावे, हा प्रश्न घरातील बायाबापड्यांना पडतो आणि तो रास्त आहे. म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तांदूळ, डाळ व भाज्या धुतलेले पाणी झाडांना उत्तम. कपड्यांच्या साबणाचे व सोड्याचे पाणी मात्र टाळावे. त्यातील सोडियममुळे माती घट्ट होते, आणि खारपाणपट्ट्यात तर ते दुखण्यावर डागणीच होय. जमिनीतील झाडाजवळ पाच लिटरचा, रंग न दिलेला साधा माठ गळ्यापर्यंत पुरावा, पाण्याने भरावा व तोंड झाकावे. माठाच्या अंगातून पाणी हळूहळू झिरपते व थेट मुळांशी जाते. तीन-चार दिवसांनी पुन्हा भरावे. आळ्यात सोयाबीनचे कुटार, उसाचे पाचट किंवा पालापाचोळा यांचा तीन-चार बोटे जाड थर द्यावा, मात्र तो खोडाला चिकटू देऊ नये. एप्रिल-मे मध्ये पऱ्हाट्यांचा किंवा जुन्या साडीचा मांडव केल्यास निम्मे काम होते.

४. वेलीला फळ का धरत नाही?

भोपळा, दोडके, गिलके यांच्या वेलीवर नर फुले व मादी फुले वेगवेगळी असतात. मादी फुलाच्या देठाशी बारीक फळाचा आकार आधीच दिसतो. सुरुवातीला बहुधा नर फुलेच येतात व गळतात, त्याची काळजी करू नये. परंतु मादी फुलामागील इवलेसे फळ पिवळे पडून गळत असेल, तर परागीभवन झालेले नाही असे समजावे.

येथे फुलांची वेळ कळली पाहिजे. लाल भोपळ्याचे व गिलक्याचे फूल पहाटे उमलते, तेथे मधमाश्या काम करतात. दुधी भोपळ्याचे व दोडक्याचे फूल सायंकाळी उमलते, तेथे पतंगासारखे सायंकाळी फिरणारे कीटक येतात. मधमाश्या कमी असतील तर नर फूल तोडून, त्याच्या पाकळ्या काढून, मधला भाग मादी फुलाला हलकेच लावावा. दोन मिनिटांचे हे काम शाळकरी मुलेही करू शकतात. टोमॅटो व मिरची यांची फुले मात्र कडक उन्हाळ्यात तापमानामुळे गळतात. ऊन कमी झाले की फळधारणा आपोआप सुधारते.

कोवळे फळ वाकडे होऊन सडते व कापल्यावर आत अळ्या दिसतात, ते फळमाशीचे काम. अशी फळे झाडाखाली किंवा उकिरड्यावर टाकू नयेत, कारण अळी मातीत जाऊन पुन्हा माशी होते. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून काही दिवस उन्हात ठेवावीत. चांगल्या कोवळ्या फळांना कागदी पिशवी बांधल्यास माशी बसत नाही.

५. किडी आणि त्यांचे शत्रू

जास्वंदीवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात तो पिठ्या ढेकूण. मिरची, वाल व गुलाबाच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा असतो. या दोन्ही किडी रस शोषतात व गोड चिकट द्रव टाकतात. तो द्रव मिळावा म्हणून मुंग्या त्यांची राखण करतात, त्यांच्या शत्रूंना हुसकून लावतात. म्हणून झाडावर मुंग्यांची रांग दिसली की वर कीड आहे असे समजावे व मुंग्यांची वाट आधी बंद करावी.

पिठ्या ढेकणाची एक हकिकत कापूस पिकवणाऱ्या आपल्या भागाने जाणून घेण्यासारखी आहे. २००६ च्या सुमारास देशाच्या अनेक भागांत कपाशीवर बाहेरून आलेल्या एका पिठ्या ढेकणाने मोठे नुकसान केले. हीच कीड जास्वंद, भेंडी व गाजरगवतावरही वाढते. शेतकऱ्यांनी औषधांवर बराच पैसा खर्च केला. परंतु २००८ मध्ये एनॅशियस नावाची एक अगदी बारीक गांधीलमाशी या ढेकणांवर वाढताना आढळली. ती ढेकणाच्या अंगात अंडी घालते, आत अळी वाढते व ढेकूण मरून तपकिरी, कडक व फुगीर होतो. पुढील काळात या गांधीलमाशीने किडीला मोठ्या प्रमाणावर आवर घातला. ती कोणी विकत आणून सोडलेली नव्हती. जेथे सतत जहाल फवारणी होते तेथे मात्र अशा मित्रकीटकांचाच आधी नाश होतो. म्हणून आपल्या जास्वंदीवर असे तपकिरी, फुगीर ढेकूण दिसल्यास ती फांदी तोडू नये. त्यांतून आपला मित्रच बाहेर पडणार असतो.

ढालकिडा, म्हणजे लाल-नारिंगी पाठीवर काळे ठिपके असलेला किडा, व त्याची काळपट, काटेरी दिसणारी अळी मावा खातात. ही अळी कीड समजून अनेकजण मारतात. मुलांना ती ओळखायला शिकवावे.

प्रत्यक्ष उपायांचा क्रम असा ठेवावा. प्रथम पाण्याच्या जोरदार धारेने पानाच्या मागची बाजू धुवावी. फार लागण झालेला शेंडा खुडून नष्ट करावा. जुन्या दात घासायच्या ब्रशने ढेकूण घासून काढावेत. एवढ्याने भागले नाही तर पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी जून-जुलैत पडलेल्या निंबोळ्या गोळा करून, गर काढून, बिया सावलीत वाळवून ठेवाव्यात. ५० ग्रॅम बियांची भरड रात्रभर पाण्यात भिजवावी, सकाळी फडक्याने गाळावी, एक लिटर पाणी करावे, त्यात चिमूटभर साध्या साबणाचा चुरा मिसळावा व सायंकाळी फवारावे. अर्क ताजाच वापरावा. सकाळी फुलांवर मधमाश्या असतात, म्हणून त्या वेळी फवारू नये.

६. शेतातील औषध घरात नको

हा मुद्दा या लेखातील सर्वांत महत्त्वाचा आहे. कपाशीवर मारलेल्या औषधाच्या बाटलीत तळाशी थोडे उरते. "वाया कशाला घालवायचे?" म्हणून ते अंगणातील गोडनिंबावर, वांग्यावर किंवा मिरचीवर मारले जाते. त्याच झाडाची पाने दुसऱ्या दिवशी फोडणीत जातात. यांपैकी अनेक औषधे आंतरप्रवाही असतात, म्हणजे ती पानाच्या आत शिरतात. ती धुण्याने जात नाहीत. मोनोक्रोटोफॉस हे कपाशीवर सर्रास मारले गेलेले औषध भाजीपाल्यावर वापरण्यास भारत सरकारने २००५ मध्येच बंदी घातली, हे कित्येकांना ठाऊक नसते.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला व शेकडो रुग्णालयात दाखल झाले. दुसऱ्याच्या शेतात फवारणीला जाणारा मजूर हा आपल्याच घरांतील असतो, हे विसरता येणार नाही. उघड्या शेतात हे घडू शकते, तर लहान मुले खेळतात त्या अंगणात त्याच औषधाला जागा असता कामा नये.

विद्यार्थ्यांनी बाटलीवरील त्रिकोण वाचायला शिकावे. लाल रंग अत्यंत विषारी, पिवळा जास्त विषारी, निळा मध्यम व हिरवा त्यामानाने कमी विषारी, असा त्याचा अर्थ आहे. घरी वडीलधाऱ्यांना तो दाखवावा. औषधाचे रिकामे डबे तेल, धान्य किंवा पाणी ठेवण्यास कधीही वापरू नयेत. औषधाच्या बाटल्या स्वयंपाकघरात व मुलांच्या हाती लागतील अशा ठिकाणी ठेवू नयेत.

७. पक्षी व फुलपाखरे

आपल्या जिल्ह्यात ज्ञानगंगा व अंबाबरवा ही अभयारण्ये आहेत, आणि लोणार सरोवराला २०२० मध्ये रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला आहे. परंतु पक्षी पाहण्यासाठी तेवढे दूर जाण्याची गरज नाही. चिमणी, बुलबुल, साळुंकी, दयाळ, शिंपी व शिंजीर हे पक्षी अंगणात येतात. चिमणी दाणे खाते, पण आपल्या पिलांना प्रामुख्याने किडे व अळ्या भरवते. म्हणजे जेथे चिमणीचे घरटे तेथे अळ्यांची राखण फुकट होते. कौलारू घरे जाऊन स्लॅबची घरे आल्याने तिच्या घरट्याच्या जागा कमी झाल्या. २० मार्च हा जागतिक चिमणी दिन २०१० पासून पाळला जातो व त्याची सुरुवात नाशिकच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने झाली, ही आपल्या राज्याला भूषणावह गोष्ट आहे. लाकडी खोक्याला सुमारे सव्वातीन सेंटिमीटरचे छिद्र पाडून, आठ-दहा फूट उंचीवर, सावलीत व मांजर पोहोचणार नाही असे टांगावे.

उन्हाळ्यात पाण्याचे पसरट मातीचे भांडे ठेवावे. पाणी दोन बोटांपेक्षा खोल नसावे व मध्ये एक दगड ठेवावा, म्हणजे लहान पक्षी व मधमाश्याही त्यावर बसून पाणी पितात. पाणी रोज बदलावे व भांडे घासावे. साचलेल्या पाण्यात डासाची पूर्ण वाढ साधारण आठ-दहा दिवसांत होते व डेंग्यूचा धोका संभवतो. कुंड्यांखालच्या बशाही आठवड्यातून एकदा पूर्ण कोरड्या कराव्यात.

लिंबू व गोडनिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी व मोठी झाल्यावर हिरवी होणारी अळी असते. ती पुढे सुंदर फुलपाखरू होते. रोप अगदी लहान असेल तर अळ्या उचलून मोठ्या झाडावर सोडाव्यात. मोठे झाड थोडी पाने सहज सोसते. झेंडू, सदाफुली, तुळस, अडुळसा ही झाडे लावावीत. सांबार (कोथिंबीर) व मेथीची दोन-चार रोपे न खुडता फुलू द्यावीत, त्यांच्या बारीक फुलांवर मित्रकीटक येतात. घाणेरीवर फुलपाखरे येतात हे खरे, तथापि ती रानात बेसुमार पसरते, म्हणून लावू नये.

पिंपळ व उंबर यांची फळे हरियाल, कोकीळ, तांबट अशा अनेक पक्ष्यांचे अन्न होय. विहाराच्या किंवा शाळेच्या आवारात पिंपळ लावताना भिंत, विहीर व पाण्याची टाकी यांपासून निदान दहा-बारा मीटर अंतर ठेवावे. अन्यथा मुळे भिंतीत शिरतात व मोठे झालेले झाड तोडण्याची पाळी येते.

सरडे, पाली व बेडूक हे किडे खातात, त्यांना मारू नये. साप बहुधा उंदरांमागे येतो. म्हणून विटांचे ढीग, सरपण व धान्याचा सांडलेला कचरा घराला लागून ठेवू नये. साप दिसल्यास दूर राहून जाणकारास बोलवावे. सर्पदंश झाल्यास मांत्रिकाकडे वेळ न घालवता तडक सरकारी रुग्णालय गाठावे. वानरे येत असतील तर त्यांना हौसेने खाऊ घालू नये. एकदा सवय लागली की ती बाग व स्वयंपाकघर दोन्ही सोडत नाहीत.

८. विद्यार्थ्यांसाठी काम

एक दोनशे पानी वही घ्यावी. दर रविवारी आपल्या घरच्या पाच झाडांची नोंद करावी : तारीख, माती ओली की कोरडी, कोणती पाने पिवळी, कोणती कीड, मुंग्या आहेत काय, कोणता मित्रकीटक, कोणता पक्षी. केलेला उपाय व आठ दिवसांनंतरचा परिणामही लिहावा. जूनपासून फेब्रुवारीपर्यंत नोंदी ठेवल्यास आपल्या गावची माती व ऋतू यांविषयी पुस्तकात न मिळणारी माहिती हाती येते. घाटावरच्या व घाटाखालच्या दोन विद्यार्थ्यांनी वह्या ताडून पाहिल्यास तर फारच उत्तम.

समारोप

परसबागेसाठी मोठी जागा किंवा फार पैसा लागत नाही. एक माठ, एक पावसाच्या पाण्याचा ड्रम, शेरभर निंबोळ्या आणि रोजची दहा मिनिटे एवढ्यावर घरच्या भाजीचा काही भाग निघू शकतो. विशेषतः ज्या घरी रोजमजुरीवर भागवावे लागते, त्या घरी दाराशी असलेला शेवगा, गोडनिंब व पालकाचा वाफा मुलांच्या ताटात दिसतो. तो वाफा विषमुक्त राहील एवढी काळजी आपण सर्वांनी घ्यावी. येत्या जूनमध्ये निंबोळ्या गोळा करण्यापासून सुरुवात करता येईल.